'दहा वर्षं लावतेय, काही झालं नाही'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पार्लरमध्ये मला येणारा प्रश्न दर वेळी थोडा वेगळा असतो, पण आतून एकच: घरच्या घरी केस काळे करायला सगळ्यात सेफ काय? आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य येतं, 'मी डाय लावतच नाही हो, मी काळी मेंदी लावते.'

काळी मेंदी झाडाला येत नाही. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याचा रंग केशरी-तांबूस. पांढऱ्या केसावर ते नारिंगी दिसतं, काळ्या केसावर उन्हात दिसेल एवढी लाल झाक येते. चहाचं पाणी घाला, लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, रंग फार तर तपकिरी होईल. चाळीस मिनिटांत पांढरा केस कोळशासारखा काळा करणाऱ्या पुडीत मेंदीची पानं असतीलही, पण तो काळा रंग पानाचा नव्हे. पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरांतली यादी वाचा. 'पॅरा-फिनिलीन डायअमाईन', म्हणजे पीपीडी, हे नाव बहुतेक वेळा सापडेल. पुष्कळदा शेजारी बेरियम पेरॉक्साईडही असतं. म्हणून तर डेव्हलपरची, म्हणजे रंग चढवणाऱ्या पेरॉक्साईडची, वेगळी बाटली लागत नाही, नुसत्या पाण्यात कालवलं की काम होतं. तुम्ही डाय लावताय. फक्त तो हिरव्या पाकिटात आहे.

'आमचा अमोनिया-फ्री आहे' हे दुसरं उत्तर. अमोनियाचं काम केसाचं वरचं आवरण फुगवून रंगाला आत वाट करून द्यायचं. तो काढला की त्याच कामाला दुसरं अल्कली घालतात, वास कमी येतो, डोळे चुरचुरत नाहीत. ॲलर्जी मात्र अमोनियाची नसतेच, ती रंगाची असते. अमोनिया-फ्री पर्मनंट रंगातही पीपीडी किंवा त्याचंच भावंड, टोल्युईन डायअमाईन, असू शकतं.

मग मी पॅच टेस्ट म्हणते, म्हणजे आधी कातडीवर ठिपका देऊन ४८ तास बघायचं, आणि समोरचा चेहरा उतरतो. '४८ तास? उद्या तर फंक्शन आहे.' काहीजणी तोंडावर म्हणतात की पार्लरवाल्या घाबरवतात, म्हणजे आम्ही त्यांच्याकडेच यावं. ठीक आहे, माझ्यावर नका ठेवू विश्वास. भारतातल्या नियमानुसार अशा डायच्या लेबलवर इशारा छापावाच लागतो: यातल्या घटकांनी त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. आतल्या माहितीपत्रकात तर चाचणी दर वेळी करायला सांगितलेली असते. पहिल्यांदा लावताना एकदा करून भागत नाही.

'दर वेळी' हे दोन शब्द मला ज्यांच्यामुळे कळले, त्या बाईंचं सांगते. नाव सांगणार नाही.

मुलीचा साखरपुडा रविवारी. बाईंनी बुधवारी रात्री, जेवणं उरकल्यावर, नेहमीची काळी मेंदी लावली. दहा वर्षं तोच ब्रँड. गुरुवारी केस सुंदर काळेभोर, कुठे काही नाही. रात्री कानामागे खाज सुटली. घामाने असेल म्हणून खोबरेल तेल चोळलं. शुक्रवारी सकाळी कानाच्या पाळ्या लाल आणि जाड झालेल्या, कपाळाच्या कडेने मोहरीएवढं पुरळ. तरी त्या मुलीबरोबर बांगड्या आणायला बाजारात गेल्या. संध्याकाळपर्यंत कपाळ जड झालं. शनिवारी पहाटे जाग आली तेव्हा एक डोळा उघडेना. दुसऱ्या पापणीची फट राहिली होती, तेवढ्यातून दिसत होतं. मानेवरून लस येऊन उशीचा अभ्रा केसांना चिकटला होता, तो मुलीने कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवला.

चेहऱ्याला तर डाय लागलाच नव्हता, मग डोळे का सुजले? डोक्याची कातडी जाड असते, तिथे वरून फार दिसत नाही. पापणीची कातडी पातळ आणि सैल. कपाळाची सूज खाली उतरते आणि तिथे साठते. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, मलम दिलं. रविवारी बाई पदर पुढे ओढून बसल्या. व्याह्यांना सांगितलं, मधमाशी चावली. केस रंगवतो हे व्याह्यांसमोर कबूल करायची लाज त्या सुजेपेक्षा मोठी होती, आणि त्याबद्दल त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही.

गोळ्या बंद होऊन काही आठवडे गेल्यावर नेमकी ॲलर्जी कशाची ते शोधायला त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या पट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी काढून वाचल्या, आणखी दोन दिवसांनी परत वाचल्या. पीपीडीच्या चौकोनात लाल, फोडांचा चट्टा. बाईंचा एकच प्रश्न होता: 'अहो, तेच पाकीट. दहा वर्षं. मग आत्ताच का?'

कारण ही ॲलर्जी जन्मतः नसते, ती लावून लावून तयार होते. शरीरातल्या पेशी एखाद्या वेळी त्या रसायनाला परकं म्हणून ओळखायला शिकतात. शिकतात त्या वेळी बाहेर काहीच दिसत नसतं. पुढच्या वेळी दिसतं, तेही लगेच नाही, १ ते ३ दिवसांनी. म्हणून 'लावल्यावर जळजळ झाली नाही' याला काही अर्थ नाही. आणि दहा वर्षं काही झालं नाही, म्हणजे दहा वर्षं संपर्क झाला, एवढंच.

हे मी आज सांगते. त्याआधी याच बाईंना मीच म्हटलं होतं, 'तुम्हाला सवय आहे ना, मग टेस्ट कशाला?' तेव्हाच्या माझ्याकडेही मुद्दा होता: बहुतेकींना काही होत नाही, मग सगळ्यांना कशाला भीती घालायची? त्या मुद्द्याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. ज्यांना होतं त्या आधी ओळखू येत नाहीत, एवढंच मला कळलंय.

तर टेस्ट अशी करा. जे लावणार त्याच पाकिटातली पाव चमचा पूड पाण्यात, किंवा ट्यूब आणि डेव्हलपर सांगितलेल्या प्रमाणात, ताजं कालवा. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे साबणाने धुऊन कोरड्या केलेल्या जागी रुपयाएवढा ठिपका द्या. वाळू द्या. पत्रकात सांगितलेल्या वेळाने धुवा, पण बघत राहा पूर्ण ४८ तास. खाज, लाली, उंचवटा, यातलं काहीही दिसलं तर ते पाकीट तुमचं नाही, आणि पीपीडी असलेलं दुसरंही नाही. टेस्ट चांगली आली म्हणून शंभर टक्के हमी मिळत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

लावताना डोक्यावर जखम, खरूज, ओरखडा नको. आदल्या दिवशी केस धुवा, त्याच दिवशी चोळून धुऊ नका, कातडीवरचं तेल थोडं राहू दे. हेअरलाईन, कान आणि मानेवर व्हॅसलीन. हातमोजे. वाडगा प्लास्टिकचा किंवा काचेचा, धातूचा नको. पांढरे झाकायला डेव्हलपर २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साईडचा, पुरतो. ३० किंवा ४० घेऊन जास्त काळं होत नाही, केस कोरडे होतात. जिथे पांढरे जास्त तिथून सुरुवात करा, बहुतेकींचं ते कानशिलांवर असतं आणि तिथले केस हट्टी असतात. टच-अपला फक्त मुळं. जुन्या रंगलेल्या टोकांपर्यंत दर महिन्याला रंग ओढलात तर टोकं शाईसारखी सपाट काळी दिसतात आणि तुटतात. फिक्या टोकांवरून शेवटची ५ मिनिटं फणी फिरवली तरी भागतं. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू तयार होतो, झाकण उडतं. आणि पूड मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, पोटात गेली तर जिवावर बेतते.

काळ्या मेंदीवर डेव्हलपरचा रंग लावणाऱ्यांनी आधी एक बट कापून तिच्यावर करून बघा. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, पेरॉक्साईड लागलं की केस तापतात आणि हातात तुटून येतात.

खाज सुटलीच तर तेल लावू नका. भरपूर पाण्याने, सौम्य शाम्पूने धुवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. श्वास लागला, ओठ सुजले तर थेट हॉस्पिटल.

त्या बाई आता पानाचंच लावतात, दोन टप्प्यांत. खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी, ६ ते ८ तास भिजवलेली, ३ तास डोक्यावर, मग नुसत्या पाण्याने धुणं. त्यावर १०० ग्रॅम नीळ. पानाची नीळ हं, कपड्यांची नव्हे, एकीने तीही विचारली होती. ती कोमट पाण्यात, लिंबू किंवा चहा न घालता, चिमूटभर मीठ. १० ते १५ मिनिटांत वापरायला घ्यायची, दीड ते दोन तास ठेवायची. आधी हिरवट दिसते, दिवसा-दोन दिवसांत गडद होते, तोवर शाम्पू नाही. पुड्यांच्या यादीत पानाशिवाय दुसरं नाव असलं तर घेत नाहीत, आणि नव्या पाकिटाचा ठिपका दर वेळी कोपरावर देतात. निळेच्या पुडीत पीपीडी मिसळलेलं असू शकतं.

एवढं सगळं सांगून, मी स्वतः अजूनही पीपीडीचाच रंग लावते, गिऱ्हाइकांनाही लावते. अर्धा दिवस डोक्यावर पालापाचोळा घेऊन बसायला सगळ्यांना वेळ नसतो, आणि कानशिलं तेवढी साफ झाकणारं दुसरं मला मिळालेलं नाही. मंगळवारी आलेल्या ताईंचा ठिपका गुरुवारपर्यंत बघायचाय. त्यांनी तोवर थांबायचं कबूल केलंय, पण जाताना विचारलंच, 'काळी मेंदी तर चालेल ना मधल्या दोन दिवसांत?'