केडगावचं मुक्ती मिशन बघून आलो, जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

पहिलं म्हणजे केडगाव दोन आहेत. एक नगरला लागून असलेलं आणि दुसरं दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे ते या दुसऱ्या केडगावात, तेव्हा मॅपवर दौंड बघूनच निघा. आम्ही पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरने गेलो, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. एसटीने येणार असाल तर सोलापूर रोडवर चौफुल्याला उतरून आत यायचं.

जायच्या आधी फोन करून परवानगी घ्या, असंच जाऊन गेटवर उभं राहू नका. निराधार बायका आणि त्यांची लेकरं तिथे राहतात, ते त्यांचं घर आहे, आणि कोणाच्या घरी आपण न विचारता आत शिरत नाही.

आणि थोडं वाचून जा, नाहीतर झाडं आणि इमारती बघून परत याल. रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले, ती उपासमार त्यांनी स्वतः भोगली होती. म्हणून 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्यांना घरी बसवेना, तिकडे जाऊन त्या विधवा आणि अनाथ मुलींना घेऊन आल्या. शारदा सदन, म्हणजे त्यांची विधवा-मुलींसाठीची शाळा, तेव्हा पुण्यात होती (1889 ला मुंबईत सुरू झाली, पुढच्या वर्षी पुण्याला आली), पण प्लेगमुळे एवढ्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं. केडगावची जमीन खरं तर सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून फळबागेसाठी घेतलेली, तिथेच सोय करावी लागली. 1900 च्या सुमाराला गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या हजाराच्या पुढे गेली. एवढ्या जणींना रोज जेवू घालायचं, शिकवायचं, आजारपणं काढायची, हे डोळ्यासमोर आणूनच माणूस गप्प होतो.

मला सगळ्यात भिडलं ते हे की त्यांनी मुलींना नुसतं पोसलं नाही, प्रत्येकीच्या हाताला काम दिलं. शेती, विणकाम, शिवण, आणि छापखाना. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं बायबल साध्या मराठीत आणलं आणि त्याच्या छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. जिला घराने टाकलं होतं तिने छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून पुस्तक छापलं! ते भाषांतर 1922 ला, म्हणजे त्या गेल्या त्याच वर्षी, पुरं झालं. मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. अंध मुलींना ब्रेल शिकवायचं काम मनोरमाबाईंनी तिथे केलेलं, त्यांचं नाव फार कमी लोक घेतात आणि मला ते खटकतं.

आता महत्त्वाचं. मुलांचे फोटो काढू नका, स्टेटसला तर मुळीच टाकू नका. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या वाईट दिवसांचा फोटो कोणाला आवडेल? "तुझे आईबाबा कुठे" हा प्रश्न तर नकोच. वाढदिवसाचा केक घेऊन एक तास जाणारे लोक सगळ्याच संस्थांत येतात, त्यांची भावना चांगली असते पण लेकरांना रोज नवीन काका-मावशी येऊन गायब होतात ह्याचा त्रास होतो. त्यापेक्षा काय हवंय ते ऑफिसला आधी विचारा आणि जमेल तेवढं दर महिन्याला द्या, कमी चालेल पण नियमित द्या. पावती मागून घ्या. परदेशी पासपोर्टवाल्या नातेवाइकांना द्यायचं असेल तर ते पैसे कोणत्याही संस्थेला फक्त तिच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) खात्यातच घेता येतात, तुमच्या खात्यातून फिरवून पाठवू नका, संस्था अडचणीत येते. दत्तक घ्यायचा विचार असेल तर कुठल्याही संस्थेत मूल 'बघायला' जायचं नसतं, कारा म्हणजे सरकारच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करायची.

चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागे बसून घ्या, कोणी काही म्हणत नाही, धर्म कुठलाही असो. दिवस हातात असेल तर नारायण महाराजांचं केडगाव बेटातलं दत्तमंदिरही त्याच भागात आहे, आमच्यातले काही तिकडे गेले. परतीच्या पॅसेंजरची वेळ मात्र सकाळीच बघून ठेवा, बऱ्याच एक्सप्रेस तिथे थांबत नाहीत.