सुट्ट्या डॉग फूडला बॅच नंबर नसतो

आमची राणी कारवान जातीची कुत्री आहे, तीन वर्षांची. लांबट तोंड, बारीक कंबर, पळायला लागली की नजर मागं पडते. आमच्या अहमदपूर-उदगीर पट्ट्यात ही कुत्री बऱ्याच वस्त्यांवर दिसतात. बरगड्या दिसतात म्हणून शहरातले पाहुणे दरवेळी विचारतात, हिला खायला घालत नाही का? घालतो की. आणि काय घालतो यावरूनच गेल्या पावसाळ्यात जे झालं ते लिहायचं राहून गेलं होतं, ते आज लिहितोय.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात राणीनं खाणं सोडलं. पहिल्या दिवशी वाटलं गवत खाल्लंय, ओकेल आणि बरी होईल, दुसऱ्या दिवशी ओकली पण बरी काही झाली नाही, तिसऱ्या दिवशी आज्जी अंगणात तिच्यापाशी बसली होती तिनं हाक मारली, "आरं हिचे डोळे बघ की, हळद घातल्यावानी दिसूलालेत." मी बघितलं, हिरड्या पण पिवळ्या. तसंच गाडीवर पुढं घेतली आणि तालुक्याला डॉक्टरांकडं नेली.

डॉक्टरांनी हात लावायच्या आधी एकच विचारलं, "काय खाऊ घालूलालास हिला?" मी सांगितलं, सकाळी भाकरी-दूध, संध्याकाळी डॉग फूड. पाकिटातलं का सुट्टं? सुट्टं. ते काही बोलले नाहीत, रक्त काढलं. लिव्हरचे आकडे लई वर गेले होते. पावसाळ्यात कावीळ दिसली म्हणजे गोचीड ताप असू शकतो, उंदराच्या मुतानं होणारा लेप्टो असू शकतो, त्यांनी ते सगळं धरूनच उपचार सुरू केले, सहा दिवस सलाईन. गोचीड तापाची तपासणी निल आली. मग ते म्हणाले, जे खाणं घालत होतास त्याच्या पोत्याचा बॅच नंबर घेऊन ये आणि थोडे दाणे पण आण.

इथं सगळं अडलं.

घरात दाणे उरले नव्हते. दुकानात गेलो (नाव लिहित नाही, माणूस वाईट नाही) तर त्यानं ड्रम दाखवला. निळा प्लॅस्टिकचा ड्रम, पत्र्याच्या शेडात ठेवलेला, पोतं फोडायचं, त्यात ओतायचं, आणि संपत आलं की तळाशी उरलेल्यावरच नवीन पोतं ओतायचं. मी आणलं ते कुठल्या पोत्यातलं होतं हे त्यालाही सांगता येईना. रिकामी पोती भंगारात गेलेली. कंपनी एक होती का दोन तेही नक्की नाही. म्हणजे राणीला कशानं झालं हे मला आजही माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. खाण्यानंच झालं असं मी म्हणत नाही, पण खाण्यानं झालं नाही असंही कुणी म्हणू शकत नाही, आणि या मधल्या जागेत मी सहा रात्री बसून काढल्या.

नंतर मी यावर वाचत बसलो तेव्हा कळलं की बाहेर रिकॉल, म्हणजे विकलेला माल कंपनीनं परत मागवणं, ही जी गोष्ट चालते ती सगळी त्या पोत्यावरच्या छापलेल्या दोन ओळींवर उभी असते. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये स्पोर्टमिक्स नावाच्या कुत्र्याच्या खाण्यात अफलाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष सापडलं, ३० तारखेला कंपनीनं काही लॉट, म्हणजे बॅच, परत मागवले, मग जानेवारीत ती यादी वाढली, ओक्लाहोमातल्या प्लांटमध्ये मका घालून बनवलेलं आणि ९ जुलै २०२२ किंवा त्याआधी एक्सपायर होणारं सगळं खाणं त्यात आलं. तिथल्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषध खात्याला, २१ जानेवारीपर्यंत ११० पेक्षा जास्त कुत्री मेल्याचं आणि २१० पेक्षा जास्त आजारी पडल्याचं कळलेलं होतं. तिथला माणूस काय करतो, घरातलं पोतं उलटं करतो, नंबर वाचतो, यादीत असेल तर त्याच मिनिटाला बंद. आपण सुट्टं आणलेलं असेल तर टीव्हीवर बातमी आली तरी आपल्याला काय करायचं ते कळणार नाही.

आणि अफलाटॉक्सिन म्हणजे आपल्याला नवीन काही नाही. मका, शेंगदाणा, पेंड ओली राहिली की जी हिरवट-पिवळी बुरशी धरते तिच्यातल्या काही जातींचं हे विष. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलं की व्यापारी मशीन लावतो, मॉइश्चर १२ च्या वर गेलं की भाव पाडतो, आपण त्याला शिव्या घालतो, पण ओल्या मालाला बुरशी धरते हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? बुरशी झटकली, माल वाळवला, दळला, शिजवला तरी विष बऱ्यापैकी तसंच राहतं. अमेरिकेत पाळीव जनावरांच्या खाण्यात त्याची मर्यादा किलोमागं २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्याला दिसायचा आणि नाकाला कळायचा प्रश्नच नाही. माणूस आज भाकरी, उद्या भात, परवा खिचडी खातो, कुत्रं रोज तेच खातं, म्हणून थोडं थोडं करून त्याच्याच लिव्हरवर बसतं.

१९७४ ची एक गोष्ट वाचली आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात काढणीच्या वेळी पाऊस झाला, मका भिजला, गरीब आदिवासी घरांत दुसरं काही नव्हतं म्हणून तोच खाल्ला. जवळपास ४०० माणसं काविळीनं आजारी पडली, १०६ गेली. आणि त्याच मक्यावर जगणारी कुत्रीसुद्धा तशीच कावीळ होऊन मेली. एकाच टोपल्यातलं अन्न होतं ना ते.

त्यामुळं गावातले आबा-मामा जेव्हा म्हणतात की सोड ते कंपनीचं, आमची कुत्री भाकरीवर जगली, तेव्हा मला त्यांना एक सांगायचं असतं. कुत्र्याची भाकरी कुठल्या ज्वारीची करता? चांगली पांढरी मालदांडी घरात, आणि पावसात सापडून काळी पडलेली डागी ज्वारी कुत्र्याला आणि कोंबड्यांना. मी पण हेच करत होतो, खोटं कशाला सांगू. वर कालवण ओतायचं तर त्यात कांदा-लसूण, आणि कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कच्चा असो का शिजवलेला. शिवाय नुसत्या भाकरी-दुधात त्याला लागणारं प्रोटीन आणि कॅल्शियम पुरं पडत नाही. घरचं खाणं चांगलंच आहे, पण ते पण मनापासून करावं लागतं, उरलंसुरलं टाकणं म्हणजे घरचं खाणं नव्हे.

दुसरीकडं महाग पाकीट घेतलं की सुटलो असंही नाही. डॉक्टर लोक सुचवतात त्या हिल्स कंपनीनं जानेवारी २०१९ मध्ये डबे परत मागवले, पुरवठादाराकडून आलेल्या व्हिटॅमिनच्या मिश्रणात व्हिटॅमिन डी जास्त पडलं होतं म्हणून. आणि २००७ चं तर सगळ्यात मोठं, मेन्यू फूड्स नावाची एक कंपनी बऱ्याच ब्रँडला माल बनवून द्यायची, तिच्या खाण्यात चीनहून आलेलं गव्हाचं ग्लूटेन होतं आणि त्यात मेलामाईन. डेअरीला दूध घालणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल, दुधात युरिया घालणारे ज्या हिशोबानं घालतात तोच हिशोब, टेस्टमध्ये नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीन धरतात, मग नायट्रोजनवालं काहीही मिसळलं की कागदावर प्रोटीन वाढतं. कुत्र्या-मांजरांच्या किडनीत खडे झाले. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाईन लेकरांच्या दुधाच्या पावडरीत निघालं. कुत्र्यांच्या वेळीच नीट ऐकलं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

आपल्याकडं तर कायद्यातच जागा नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्न म्हणजे माणसानं खायचं, जनावरांचं खाद्य त्या व्याख्येतून बाहेर ठेवलंय, त्यामुळं त्या कायद्याखाली २०१७ ला जे रिकॉलचे नियम आले ते राणीच्या ताटापर्यंत पोचत नाहीत. मला हे पटत नाही. निदान सुट्टं विकणाऱ्यानं चिठ्ठीवर कंपनी, बॅच आणि एक्सपायरी लिहून द्यावी एवढं तरी सक्तीचं करा, याला काही मोठा खर्च नाही.

राणी वाचली. सातव्या दिवशी तिनं उकडलेलं अंडं खाल्लं, आज्जीच्या हातनं. अजून तिचे लिव्हरचे आकडे दर तीन महिन्याला बघतो.

आता गावात आम्ही चार घरं मिळून एक बंद पोतं आणतो, कारण दहा किलोचं एकट्यानं घेतलं तर संपेपर्यंत उन्हाळ्यात आतलं तेल खवट होतं. पोतं माझ्यासमोर फुटतं. मी माझा वाटा रिकाम्या ड्रममध्ये कधीच ओतत नाही, जाड पिशवीत तोंड बांधून ती डब्यात ठेवतो, आणि दुपारी पत्रा तापतो त्या खोलीत नाही, आतल्या माळवदाच्या खोलीत. शेवटचे मूठभर दाणे पुढचं पोतं संपेपर्यंत चिठ्ठी लावून बाजूला. सकाळची भाकरी चालूच आहे, पण आम्ही खातो त्याच ज्वारीची, आणि आठवड्यातनं तीनदा अंडं किंवा बिनमिठाचं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन.

या महिन्याचं पोतं परवा फोडलं. बॅच आणि एक्सपायरीचा फोटो चौघांच्या ग्रुपवर टाकायची पाळी माझी होती, शाई जरा पुसट होती म्हणून उन्हात नेऊन दोनदा काढला.