जवारी कुठे गेली?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

मी घरी बनवलेले स्पीकर तसे काल रात्रीच वाजायला लागले होते. पण आईने ऐकून मान हलवली नव्हती, म्हणून कालची तारीख मी धरत नाही. आजची धरतो.

काल जेवणं झाल्यावर मी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि तिच्याच शिकवणीचं रेकॉर्डिंग लावलं. तंबोरा, तिचा षड्ज, मागे रस्त्यावरची एखादी रिक्षा. तबल्याच्या बायाचं घुमणं ऐकून मी खुश होतो. साडेसहा इंची वूफरमधून, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या स्पीकरमधून, एवढा खर्ज निघेल असं वाटलं नव्हतं. आई दोन मिनिटं डोळे मिटून बसली आणि म्हणाली, “अरे, जवारी कुठे गेली? बंद पडल्यासारखी वाटतेय. आवाज माझाच आहे, पण तंबोरा माझा नाही.” जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची ती झंकारती झळाळी.

तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं, तर जवारी जिथल्या तिथे होती. म्हणजे खोट माझ्या खोक्यांत होती.

रात्रभर डोक्यात हेच. आधी संशय खोक्यावरच घेतला, कारण सगळ्यात जास्त घाम तिथे गाळला होता. १८ मिमीचा प्लाय भवानी पेठेतून आणला, मिस्त्रींकडून कापून घेतला आणि जोडणी घरी केली. फेविकॉल आणि शिकंजे लावून प्रत्येक जोड एक रात्र तसाच ठेवला. आतली जागा २२ लिटर. वूफर, पाइप आणि आतली आडवी पट्टी वजा जाता २० उरते. खोक्याचं घुमणं ४२ हर्ट्झला जुळवण्यासाठी ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप १९ सेंमी कापला. हा हिशोब ज्या गणितावर चालतो ते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेलं. त्याआधी पेटी केवढी आणि पाइप केवढा हे बरंचसं करून बघूनच ठरायचं. आज वूफरच्या कागदावरचे तीन-चार आकडे घेऊन माझ्यासारखा माणूस जेवणाच्या टेबलावर पेटी आखू शकतो, याबद्दल मला या दोघांविषयी खरोखर कृतज्ञता वाटते.

पहाटे उठून बोटाच्या पेराने खोकं सगळीकडून ठोकून पाहिलं. बाजूच्या फळीचा आवाज कोरडा, बुटका. आडवी पट्टी टाकण्याआधी तीच फळी ढब् ढब् करायची. मग कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हलकेच टिचकी मारली, तर तो कितीतरी वेळ बोलत राहिला. हा तंबोरा मिरजेचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. तिथल्या कारागिरांच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हा आईला एखाद्या नातेवाइकाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला होता. त्या कारागिराची सगळी कला भोपळा आणि त्यावरची लाकडी तबली बोलती करण्यात. माझं काम नेमकं उलटं, लाकडाला गप्प बसवायचं. माझं खोकं स्वतःचा सूर लावू लागलं, तर आईच्या तंबोऱ्यात एक भलताच वाद्यकार येऊन बसेल.

तर खोकं गप्प होतं. मग जवारी कोण खात होतं?

कागद घेऊन बसलो. आईची पट्टी, म्हणजे तिच्या गाण्याचा षड्ज, काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी). म्हणजे जोडीच्या, मधल्या दोन तारा साधारण २०८ हर्ट्झला. अशा तारेचा दहावा स्वयंभू स्वर (मूळ स्वराच्या दहा पटीत आपोआप उमटणारा) २०८०च्या आसपास, तो गंधार. बारावा २५००च्या जवळ, तो पंचम. माझ्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, वूफरने काम सोडून ट्वीटरच्या, वरचे स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, हवाली करण्याची जागाही २५००च! खर्जाच्या, सगळ्यात खालच्या तारेतला तो ठळक गंधार ५२०च्या आसपास असतो, वूफरच्या भर मुलखात, म्हणून तो शाबूत होता. जवारीची झळाळी मात्र वरच्या दाट स्वरांची, आणि माझ्याकडे खड्डा बरोबर तिथेच पडला होता.

खड्डा का, ते मग दिसलं. माझा क्रॉसओव्हर दुसऱ्या ऑर्डरचा: दोन्ही बाजूंना १ मिलिहेन्रीची कॉइल आणि ३.९ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कॉइल मी हाताने गुंडाळल्या, तापकीर गल्लीतून तांब्याची इनॅमलची तार आणून, मीटर १ दाखवेपर्यंत एकेक वेढा सोडत. ही जोडणी हवालीच्या जागी वूफरच्या आवाजाची लाट पाव फेरा मागे टाकते आणि ट्वीटरची पाव फेरा पुढे काढते. एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात. म्हणूनच ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडायच्या असतात. माझ्या नकाशावर तसं लाल पेनने लिहिलेलंसुद्धा होतं. पण शुक्रवारी रात्री डाग देताना हाताने सवयीने लाल तार अधिकला लावली. दोन्ही खोक्यांत.

वूफरची बाजू आधी तपासली. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, शंकू बाहेर आला, म्हणजे ते बरोबर. ट्वीटरला सेल लावत नाहीत, नाजूक जीव. त्याच्या फक्त तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून पुन्हा डाग दिले. पाच मिनिटांचं काम. रोझिनच्या धुराचा वास अजून हाताला आहे.

मग मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

कसं सांगू? आवाज वाढला नाही. तारा पडद्याआडून समोर आल्या. प्रत्येक छेडीनंतर तो उघडत जाणारा, आतून बाहेर वळत येणारा झंकार, अख्खा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्यावर लिहिलं होतं. नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या स्वराचा स्थिर बिंदू असेल तो स्वर तिच्यातून निघू नये. तंबोऱ्यात तो तरीही निघतो, कारण घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा, माथा उतरता, वळणदार असतो आणि तार त्याला पुन्हा पुन्हा टेकत राहते. घोडीवर सुताचा एक दोरा सरकवून आई हे सगळं कानाने जुळवते. मी मात्र त्यातला एक पट्टा उलट्या तारेने मारून बसलो होतो.

आई पदराला हात पुसत आली, बसली, संपेपर्यंत ऐकलं. “आता उघडी आहे,” म्हणाली. थोड्या वेळाने, “खर्ज जरा जड आहे रे.” तेही खरं. पेट्या भिंतीला चिकटून होत्या. दोन्ही हातभर पुढे ओढल्या, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या.

तरी षड्ज थांबला की खोलीत कुठेतरी एक बारीक गुणगुण उरत होती. पाइपाशी कान लावला, फटी चाचपल्या. आई उठली, कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या तारांवर तिने तळहात ठेवला, आणि गुणगुण थांबली. सकाळीच तिने तो मिळवून ठेवला होता, काळी चारला. स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकून तो सोबत करत होता.

तिने त्याला गवसणी घातली. मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.