हाँगकाँगचे भारतीय आणि ब्रिटिश पासपोर्टातली मेख

१ जानेवारी १९८३ रोजी ब्रिटनचा १९८१ चा नवा राष्ट्रीयत्व कायदा अमलात आला आणि ‘युनायटेड किंग्डम व वसाहतींचे नागरिक’ या एकाच वर्गाचे तीन वर्ग झाले. हाँगकाँगवाले ‘आश्रित प्रदेशांचे नागरिक’ ठरले. पासपोर्ट ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही. (तो हक्क तसा १९६२ पासूनच आकसत चालला होता; १९८१ च्या कायद्याने त्यावर शिक्का मारला.) दुसऱ्या ब्रिटिश प्रदेशांचं तसं नव्हतं: जिब्राल्टरला नोंदणी करून पूर्ण नागरिक होण्याची वाट ठेवली होती, फॉकलंडला अर्जेंटिनाबरोबरच्या युद्धानंतर १९८३ मध्ये पूर्ण नागरिकत्व मिळालं. हाँगकाँगची लोकसंख्या पन्नास लाखांवर, हीच खरी अडचण होती. बाकी कारणं सांगायला.

१९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं, त्या हस्तांतराच्या वेळी सगळ्यांत बिकट अवस्था तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची होती. चीनच्या लेखी चिनी वंशाचे रहिवासी चिनी नागरिक. हे मात्र नव्हेत. १ जुलै १९९७ ला आश्रित प्रदेशाचं नागरिकत्व संपणार होतं. त्याऐवजी ‘ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज’ हा दर्जा मिळे, पण वेळेत अर्ज केला तरच, आणि तो मुलांकडे जात नसे. अर्ज राहिला आणि दुसरं राष्ट्रीयत्व नसेल, तर ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’. हाँगकाँगमध्ये राहता येई, पण पाठीशी देश कुठलाच नाही.

शेवटी १९९७ च्या खास ब्रिटिश कायद्याने त्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीची सोय झाली. अट अशी: ४ फेब्रुवारी १९९७ च्या लगेच आधी हाँगकाँगमध्ये नेहमीचं वास्तव्य हवं आणि तेव्हा दुसरं कुठलंही नागरिकत्व नसावं.

अर्ज अडतो तो या दुसऱ्या अटीवर, आणि तेही भारतीय कायद्यामुळे. १९५५ च्या कायद्यानुसार १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेलं मूल, वडील भारतीय नागरिक असतील तर, ‘वंशाने’, म्हणजे वडिलांमुळे, भारतीय नागरिकच. भारतीय पासपोर्ट कधी काढलेला नसला तरीही. वडिलांचं नागरिकत्वही असंच ‘वंशाने’ आलेलं असेल, तर मात्र जन्माची नोंद भारतीय वकिलातीत झालेली असावी लागे. म्हणून आधी वडिलांची कागदपत्रं काढायची: त्यांचा जन्म कुठला, आणि त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं ते मुलाच्या जन्माआधी की नंतर. स्वतःचा पासपोर्ट पाहून याचा उलगडा होत नाही.