पट्टी ठेवून वाचलेला जे-साय

प्रायोगिक पेपर वाचताना आधी आकृती, मग मजकूर, असा आमचा क्रम असतो. त्या दिवशी कोल्हापुरातल्या एम.एस्सी.च्या मुलांसमोर जे-साय या कणाच्या शोधाचा १९७४ चा पेपर होता, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या स्टॅनफर्डच्या स्पिअर यंत्रावरचा. त्यातली पहिली आकृती राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर मोठी करून आणली होती. आडव्या अक्षावर टक्करीची ऊर्जा, उभ्यावर क्रॉस सेक्शन, म्हणजे टक्करीतून नवे कण निघण्याच्या शक्यतेचं माप, आणि ३.१०५ जीईव्हीला एकच उंच शिखर. (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक, त्याचा हजारावा भाग एमईव्ही, आणि त्याचाही हजारावा केईव्ही.) काम एवढंच होतं की पट्टी आणि पेन्सिल घ्यायची आणि या कणाची रुंदी, म्हणजे अर्ध्या उंचीवर शिखर किती ऊर्जेत पसरलंय ते, काढायची.

एका मुलीनं तळ आणि टोक यांच्या बरोबर मध्ये आडवी रेघ मारली. अशी रेघ बहुतेक सगळेच मारतात. पण उभा अक्ष लॉग स्केलचा आहे, म्हणजे त्यावर सारख्या अंतरानं आकडा सारख्या पटीनं वाढतो. तळ वीस-पंचवीस नॅनोबार्नचा (हे क्रॉस सेक्शनचं एकक) आणि टोक सुमारे २३०० चं, म्हणून कागदावरचा मध्य येतो साधारण २४० वर, म्हणजे शिखराच्या जेमतेम दहाव्या भागावर. अर्धी उंची म्हणजे ११५०. दसपट वाढीसाठीचं अंतर कागदावर सहा सेंटीमीटर असेल, तर ती टोकाच्या फक्त १.८ सेंटीमीटर खाली येते, कारण २ चा लॉग ०.३०१. रेघ वर सरकवली की रुंदी झटकन आक्रसते.

‘‘मॅडम, पण पेपरात १.३ एमईव्ही दिलंय. तेच उत्तर ना?’’ एकानं विचारलं.

नाही. पेपरात ती कमाल मर्यादा म्हणून दिली आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या झोतांत सगळ्यांची ऊर्जा तंतोतंत सारखी नसते, थोडा पसारा असतोच. आकृतीतली वक्ररेषा शून्य रुंदीचा रेझोनन्स (म्हणजे कणाचं शिखर) गृहीत धरूनच काढलेली आहे, त्यावर झोताचा पसारा आणि फोटॉन उत्सर्जनाचा परिणाम चढवला आहे. जाड मार्करनं मारलेली रेघ मोजली तर मार्करच्या टोकाची जाडी कळते, तसंच हे. आकृतीखालची ओळ नीट वाचली असती तर हा प्रश्न पडला नसता, पण ती ओळ वाचायला कुणी थांबत नाही.

मग खरी रुंदी काढायची कशी? झोताच्या पसाऱ्यानं शिखर बुटकं आणि रुंद होतं, पण त्याखालचं क्षेत्रफळ तेच राहतं. म्हणून क्षेत्रफळ मोजायचं. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. लॉगवरचा प्रत्येक बिंदू आधी नॅनोबार्नमध्ये आणायचा, मगच बेरीज करायची. बिंदू समान अंतरावर नाहीत, म्हणून प्रत्येक पट्ट्याची रुंदी वेगळी धरायची. तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे: टक्करीआधी एखाद्या इलेक्ट्रॉननं फोटॉन सोडला तर ऊर्जा कमी होते, म्हणून यंत्र शिखराच्या थोडं वर लावलेलं असलं तरी कण तयार होतो. शिखराच्या उजवीकडची लांब शेपटी ती हीच. शेपटीची दुरुस्ती केल्याशिवाय क्षेत्रफळ बरंच कमी भरतं. मुलांचंही कमीच भरलं, आणि ते तसंच भरायला हवं होतं.

दुरुस्तीसह स्टॅनफर्डच्या याच गटानं १९७५ मध्ये हेड्रॉनांसाठीचं (क्वार्कांपासून बनलेल्या कणांसाठीचं) क्षेत्रफळ १०.४ नॅनोबार्न-जीईव्ही दिलं. पुढचं गणित फळ्यावर झालं. कणाचं स्पिन (अंगभूत फिरकी) १ धरलं, तर क्षेत्रफळ म्हणजे सहा पाय-वर्ग भागिले वस्तुमानाचा वर्ग, गुणिले इलेक्ट्रॉन-रुंदी (इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत फुटण्याच्या वाट्याची रुंदी), गुणिले हेड्रॉनांत फुटण्याचा वाटा. ५९.२ भागिले ९.६ म्हणजे साधारण ६.२, एकक जीईव्ही-वर्गाचा व्यस्त. त्याला ०.३८९ नं गुणलं की मिलिबार्न मिळतात. हा गुणक विसरला की उत्तराला काही अर्थच उरत नाही. मिळाले २.४ मिलिबार्न, म्हणजे २४ लाख नॅनोबार्न. भागाकार ४.३ केईव्ही. हेड्रॉनांचा वाटा सुमारे ८६ टक्के धरला की इलेक्ट्रॉन-रुंदी पाच केईव्हीच्या आसपास. प्रसिद्ध आकडा ४.८ ± ०.६.

इलेक्ट्रॉनांचा वाटा सातेक टक्के, म्हणून एकूण रुंदी सत्तरच्या घरात. त्यांनी दिली होती ६९ ± १५ केईव्ही, आज मानतात सुमारे ९३. खोलीतला गलका इथे थांबला. एमईव्हीनं मोजणाऱ्या यंत्राच्या आकृतीतून केईव्हीतला आकडा निघाला होता, आणि इतक्या जड हेड्रॉनकडून ज्या रुंदीची अपेक्षा करावी तिच्या हजारपटीनं तो लहान होता.

आता शोधाआधीचं एक कोडंही सुटलं. स्पिअरवर सुरुवातीला २०० एमईव्हीच्या पायऱ्यांनी मोजमाप झालं होतं. ३.१ जीईव्हीच्या काही रनमध्ये आकडे नेहमीसारखे आले, काहींत भलतेच जास्त. शिखर इतकं अरुंद, की यंत्र किंचित इकडचं तिकडे लागलं तरी निकाल बदलायचा. नोव्हेंबरमध्ये बारीक पायऱ्यांनी परत मोजलं तेव्हा ते हाती लागलं.

मग ब्रुकहेव्हनचा जोडपेपर काढला. अमेरिकेतल्या या प्रयोगशाळेत हाच कण त्याच सुमारास बेरिलियमवर प्रोटॉन आदळवून, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीतून सापडला होता. त्यात बेरिलियमचे नऊ तुकडे ७.५ सेंटीमीटर अंतरानं ठेवलेले आहेत, जोडीतले दोन्ही कण एकाच तुकड्यातून आले का हे तपासता यावं म्हणून. शिखराच्या आलेखात २४२ घटना आहेत, आणि चुंबकांचा प्रवाह दहा टक्के कमी करूनही शिखर ३.१ जीईव्हीलाच राहिलं. शिखर उपकरणामुळे बनलं असतं तर प्रवाहाबरोबर ते सरकलं असतं. शोधपत्रातली मला सर्वाधिक आवडणारी तपासणी हीच. या आलेखातून मात्र रुंदी काढता येत नाही, कारण आलेखाचे खाने २५ एमईव्हीचे आहेत.

रुंदी इतकी कमी का, यावर चर्चा पुढच्या बैठकीवर गेली. डी मेसॉनांच्या (चार्म क्वार्क असलेल्या सर्वांत हलक्या मेसॉनांच्या) जोडीला सुमारे ३.७३ जीईव्ही लागतात आणि हा कण आजच्या मोजमापानुसार ३.०९७ वर आहे, एवढं फळ्यावर लिहून ठेवलं.