गळणाऱ्या केसांसाठी आहार बदलताना

केस का गळतायत याचा शोध मी शॅम्पू आणि पाण्यापासून न घेता दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या दिवसांपासून घेतला. वाढ थांबलेला केस लगेच पडत नाही. तो साधारण तीन महिने मुळाशी तसाच टिकून राहतो आणि मग सुटतो. म्हणूनच मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन उतरवणारं डाएट यांचा परिणाम कंगव्यात इतक्या उशिरा दिसतो. दिवसाला 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक आहे. माझे त्याहून बरेच जास्त जात होते, आणि मागे पाहिलं तर आजारपण आणि त्यानंतर बराच काळ कमी पडलेलं जेवण सापडलं.

ताटात बदल करण्याआधी रक्त तपासून घेतलं: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप), बी12, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडसाठी टीएसएच. यातलं फेरिटिन लोक हमखास वगळतात. शरीर आधी लोहाचा साठा संपवतं, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. अंगात ताप किंवा सूज असताना मात्र फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून आजारातून पूर्ण सावरल्यावरच ही तपासणी करावी. केसांसाठी बायोटिनच्या (बी गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू असतील तर तसं आधी सांगावं. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

मग प्रथिनांचा हिशोब. केस मुख्यतः केराटिनचा, म्हणजे प्रथिनाचाच बनतो. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज किमान 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोला 48 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, 250 मिली दुधात 8 आणि 30 ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे 7 ग्रॅम मिळतात. फसगत होते ती इथे: पातळ डाळीच्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम 20 ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं पाचच्या आत. त्यामुळे वाट्या मोजण्यापेक्षा कोरडं धान्य आणि डाळ वजन करून शिजवणं मला जास्त खात्रीचं वाटलं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर रोजच्या प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. आणि एकूण जेवणच कमी असेल तर नुसती प्रथिनं वाढवून भागत नाही. शरीर तीच इंधन म्हणून जाळतं. पोटभर जेवण ही पहिली अट.

लोहाच्या बाबतीत काय खाल्लं याइतकंच कशासोबत खाल्लं हेही महत्त्वाचं. डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह मांस-माशांतल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं. सोबत क जीवनसत्त्व असेल तर हे शोषण वाढतं, चहा-कॉफीने घटतं. म्हणून भांडं विस्तवावरून उतरवल्यावर लिंबू पिळायचं, कारण शिजताना क जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायचा आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घ्यायची नाही. लोहाची गोळी अहवालात कमतरता दिसली तरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. जादा लोह शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही.

जस्तासाठी भोपळ्याच्या बिया, कडधान्यं, मांस. कडधान्यं भिजवून मोड आणले की त्यांतलं खनिजांचं शोषण अडवणारं फायटेट कमी होतं आणि जस्त, लोह दोन्ही जास्त हाती लागतात.

सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं ते गोळ्यांबद्दल. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचा अतिरेक झाला तर त्यानेच केस गळतात. मल्टिव्हिटॅमिन, 'हेअर' गोळी आणि माशाच्या यकृताचं तेल एकत्र घेतलं, तर अ जीवनसत्त्व तिन्हीकडून येऊ शकतं. जस्त दीर्घकाळ जास्त घेतलं तर तांब्याची कमतरता होते. बायोटिनची खरी कमतरता विरळाच. रोज कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाणाऱ्यांत ती होऊ शकते, कारण त्यातलं अॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिनला धरून ठेवतं. अंडं शिजवलं की हा प्रश्न मिटतो.

बदल दिसायला तीन महिने तरी धरावेत. आधी गळणं कमी होतं, मग कपाळालगत आखूड केस उभे राहतात. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे लांबी भरायला वर्ष-दोन वर्षं लागतात. आधीच बाहेर आलेला केस निर्जीव असतो. फाटलेली टोकं कोणत्याही आहाराने जुळत नाहीत, ती कापावीच लागतात. मी महिन्यातून एकदा त्याच उजेडात भांगाचा फोटो काढत गेले, कारण रोज आरशात पाहून फरक कळत नाही.

भांग रुंदावत जातोय, कपाळाचे कोपरे मागे सरकतायत किंवा गोल चट्टे पडतायत, तर कारण बहुधा आहाराबाहेरचं असतं. अशा वेळी तीन महिने थांबू नये, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.