मिरजेची वेलांटी

मागच्या महिन्यात भर दुपारी शेजारचे सर दारात आले. चेहरा उतरलेला. "ताई, माझ्या कॉम्प्युटरवरचं नेट गेलंय. मोबाइलवर मात्र चालतंय. दुकानात दाखवून आलो, तर म्हणाले मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या."

मी गेले, चालू केला आणि आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघितली. १ जानेवारी २०१५. एवढ्यातच निम्मं काम झालं होतं.

कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ मदरबोर्डवरच्या छोट्या गोल सेलवर चालतं. सेल संपला की वीज गेल्यावर किंवा मेन बटण बंद केल्यावर घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेला जाऊन बसतं. आणि आजकाल जवळपास प्रत्येक संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध. कॉम्प्युटरला २०१५ साल वाटत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नसतं. मग तो बँक उघडत नाही, मेल उघडत नाही, आणि आपल्याला वाटतं नेट गेलं. नेटवरून घड्याळ आपोआप जुळतं खरं, पण फरक इतका मोठा असला की विंडोज स्वतःहून ते बदलत नाही.

केसचे दोन स्क्रू सोडवले. सेलच्या बाजूची पत्र्याची चिमटी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मागे ढकलली, सेल टप्पकन वर आला. मल्टिमीटर लावला तर २.१ व्होल्ट, हवेत ३. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ आणला, चाळीस रुपयांना. तारीख दुरुस्त केली आणि सरांची मेल उघडली. चालत्या यंत्राला कोणी भंगार म्हटलं की मला फार लागतं. त्या यंत्रात विंडोज ११ बसत नाही, आणि विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, तेव्हा पुढे त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून द्यायचं मी सरांना कबूल केलंय. अजून चार-पाच वर्षं तरी ते चालेल.

चहा पिताना सर म्हणाले, "ताई, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची ती स्मरणिका तुमच्याकडेच झाली होती ना? १९९९ ची. तिच्यात तंबोरा करणाऱ्या आपल्या कारागिराची मुलाखत होती. ते तर गेले. त्यांची नात विचारत होती. माझी प्रत पुरात भिजली."

या एका प्रश्नात माझे पुढचे तीन आठवडे गेले.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी टायपिंग शिकले ते मशीनवर, मराठी मिनिटाला ३० शब्द आणि मग ४०. १९९२ साली कॉम्प्युटरचा कोर्स केला. डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि सगळं इंग्रजी. त्याच वर्षी ओळखीच्या एका कार्यालयात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड बसवलेलं यंत्र बघितलं. पडद्यावर मराठी उमटताना पाहून मला तिथून हलवेना. १९९५ ला पतसंस्थेचं कर्ज काढून ४८६ कॉम्प्युटर घेतला. आठ एमबी रॅम, ५४० एमबीची डिस्क आणि एक लेझर प्रिंटर. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, पुण्यस्मरणाची कार्डं. ट्रेसिंग पेपरवर उलटा प्रिंट काढायचा आणि तो प्रेसवाल्याला प्लेटसाठी द्यायचा, हे माझं रोजचं काम.

दुरुस्ती शिकले ती नाइलाजाने. इंजिनिअर कोल्हापूरहून यायचा, दोन दिवसांनी. लग्नाचा मुहूर्त त्याच्यासाठी थांबत नाही. मग स्वतः उघडायला लागले. चालू केल्यावर यंत्र नुसतंच लांब लांब बीप देत राहिलं तर रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसायचे, पुन्हा कट्ट आवाज येईपर्यंत बसवायची. माउस अडखळला तर खालची गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. एकदा यंत्र वारंवार बंद पडत होतं, उघडलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. ते बदलायला सोल्डरिंग हाती घेतलं आणि मग ते कधी सुटलं नाही. आजही माझी पद्धत तीच आहे. आधी वीज, मग जोडण्या, मग तारीख, आणि सगळ्यात शेवटी महागडी शंका.

तर, स्मरणिका.

फ्लॉप्यांचा डबा काढला. एकेका फ्लॉपीत १.४४ एमबी, म्हणून एका स्मरणिकेच्या नऊ. सरकती पत्री बाजूला करून आतल्या तबकडीवर उजेड धरला तर पाच फ्लॉप्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके. उरलेल्या चारही यूएसबी ड्राइव्हने नुसत्या घरघरवल्या. २००२ साली ज्या सीडीवर सगळं उतरवून मी निर्धास्त झाले होते, तिचा चंदेरी थर कडेने सुटलेला. राहिली माळ्यावरची जुनी हार्डडिस्क, ४.३ जीबीची. पेंटियम कधीच गेला होता, डिस्क मात्र मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती.

आयडीई, म्हणजे जुन्या रुंद केबलची डिस्क आताच्या यंत्राला सरळ लागत नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर मागवला. जोडला, वीज दिली, डिस्क फिरायला लागली. तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला, आधी हलकी शीळ आणि मग एक टकटक. पण पडद्यावर काहीच नाही. केबल बदलून बघितली, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून बघितली. रात्री साडेअकराला डिस्कची पाठ बघितली तेव्हा आठवलं. जुन्या यंत्रात एकाच केबलवर दोन डिस्क होत्या, आणि ही दुसरी, म्हणजे स्लेव्ह. मागे पिनांच्या दोन रांगा असतात आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी, जम्पर. भुवयांच्या चिमट्याने ती उचलली, मास्टरच्या जागी बसवली. पुन्हा वीज दिली. या वेळी पडद्यावर फोल्डरांची यादी आली. सगळ्यात वर माझंच १९९९ सालचं एक फोल्डर, आठ अक्षरांच्या नावाचं, कारण डॉसची सवय तेव्हाही सुटली नव्हती.

फाइल पेजमेकर ६.५ या पानं मांडायच्या प्रोग्रॅमची. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, जुनं विंडोज उभं केलं, त्यात पेजमेकर, आणि मजकूर बाहेर काढला. उघडून बघते तर पानभर रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं आणि एकावर एक स्वल्पविराम. मराठीचा एक शब्द नाही.

हे ज्यांनी त्या काळात काम केलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या जुन्या फाँटांमध्ये कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या खान्यांमध्ये देवनागरीचे तुकडे चित्रासारखे बसवलेले असायचे. एका खान्यात पूर्ण ग, एकात अर्धा ग, एकात काना. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एका फाँटात जिथे 'क' तिथे दुसऱ्यात रफार. फाँट आहे तोवर मजकूर मराठी, फाँट गेला की चिन्हांचा ढीग. आयस्की नावाचं भारतीय प्रमाण १९९१ मध्येच ठरलं होतं आणि जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छपाईच्या कामात आम्ही ते वापरत नव्हतो, आम्हाला उद्या सकाळी पत्रिका द्यायची असायची. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांची स्वतःची पेठ आहे, तिथे 'म' हा कुठल्याही फाँटात 'म'च राहतो.

तयार कन्व्हर्टर दोन-तीन वापरून बघितले. माझ्या फाँटाची मांडणी एकाशीही जुळेना. मग व्हर्च्युअल मशीनमध्ये फाँटाचा प्रत्येक खाना एकेक करून छापला, दोनशेच्या आसपास, आणि समोर त्याचं युनिकोड लिहून तक्ता केला. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा मला भाच्याने दोन वर्षांपूर्वी शिकवली होती. तक्ता तिला दिला आणि पहिल्यांदा चालवलं.

मुलाखतीचा पहिलाच शब्द 'मिरज'. पडद्यावर आलं काय, तर ठिपक्यांच्या एका गोलाला चिकटून उभी असलेली एकटी वेलांटी, आणि शेजारी नुसतं 'मरज'.

कारण जुन्या पद्धतीत अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप व्हायची. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून आधी वेलांटी, मग म. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो, आधी म आणि मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटीला पुढच्या अक्षरावरून उडी मारायला लावायची. तसा नियम लिहिला, मिरज सुधारली. पण 'स्थिती'ची झाली 'सि्थती', कारण वेलांटीने फक्त अर्धा स ओलांडला होता. मग नियम बदलला, अर्धी अक्षरं सगळी ओलांडून पूर्ण अक्षरापाशी थांबायचं. रफाराचं याच्या उलट. 'कर्नाटक' लिहिताना आम्ही क, न, काना टाइप करून मग वर रफार द्यायचो. आता तो रफार काना आणि न ओलांडून मागे जायला हवा, कारण उच्चारात र आधी येतो.

यात आठ दिवस गेले. तरी सगळ्यात त्रास दिला तो या मुलाखतीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या शब्दाने. तंबोऱ्याचा, तंबोऱ्याला, तंबोऱ्यातून. माझ्या प्रोग्रॅममधून येत होतं 'तंबोर्याला'. 'सूर्याला'मधला रफार आणि 'तंबोऱ्याला'मधला तो आडवा र, दोन्ही र अर्धेच, पण मराठीत उच्चार वेगळा आणि लिहिणं वेगळं. आजही जाहिरातींत, बातम्यांत 'करणार्या', 'दुसर्या' छापलेलं दिसतं. मला ते ताटातल्या खड्यासारखं लागतं. त्यासाठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला ऱ स्वतंत्र आहे. तो, मग हलन्त, मग य, असं दिलं की आडवा र नीट उमटतो. जुन्या फाँटात आडव्या र चा खाना वेगळा होता, मी तक्त्यात त्याच्यासमोर साधा र लिहून ठेवला होता. चूक माझी. एक ओळ बदलली आणि एकाच दमात साठ ठिकाणी 'तंबोऱ्या' सरळ झाला.

मग मी ती मुलाखत वाचली. १९९९ ला ती मी अक्षर अक्षर टाइप केली होती, पण तेव्हा घाई होती. पंढरपूरकडून येणारा भोपळा कसा निवडायचा, तो किती महिने वाळू द्यायचा, बोटाने वाजवून त्याचा पोकळ आवाज कसा ओळखायचा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढताना, म्हणजे सूर गुंजावा म्हणून ती घासताना, एकेक घासा कसा जपून द्यायचा, तारेखाली सुती दोरा सरकवत सूर कुठे उघडतो ते कानाने कसं शोधायचं. हातातली कला, त्या माणसाने इतक्या साध्या शब्दांत सांगून ठेवलेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते हयात नव्हते.

नातीला फाइल पाठवली. तिचा फोन आला, ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मी यात 'जवारी' शोधलं. अकरा वेळा आलंय. प्रत्येक ठिकाणी आजोबांनी थोडं वेगळं सांगितलंय."

एक काम राहिलंय. मुलाखतीचा शेवट वेगळ्या फाइलमध्ये होता आणि डिस्कचा तेवढाच भाग वाचता येत नाही. साधारण दीड पान. मजकूर तुटतो तो खुंट्यांच्या लाकडाबद्दल सांगताना, वाक्याच्या मधोमध. मिरजेत किंवा बाहेर कोणाकडे १९९९ ची ती छापील स्मरणिका असेल तर कृपया कळवा. मुखपृष्ठ पिवळं, त्यावर शाळेच्या जुन्या इमारतीचं रेखाचित्र. प्रत द्यायची गरज नाही. शेवटच्या दोन पानांचा स्वच्छ फोटो पुरे, टाइप मी करते.